सुवर्णमहोत्सव : पहिल्या पंगतीचा मान कुणाला?

मैत्रिणींनो, सुवर्णमहोत्सव आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. कधी शाळेचा, कधी महिला मंडळाचा, कधी पतपेढीचा, तर कधी घरातल्याच कुणाच्या लग्नाचा. मांडव पडतो, सनई लागते, व्यासपीठावर पाहुणे बसतात, शाल-श्रीफळ होते आणि मग भाषणे सुरू होतात. पण ज्या बाईने पहिल्या वर्षी स्वतःच्या घरातल्या सतरंज्या नेऊन ते मंडळ सुरू केले, ती कुठे असते? बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. तिचे नाव घ्यायचे राहून जाते. कुणी मुद्दाम करते असे नाही. पन्नास वर्षांत माणसे बदललेली असतात, नव्या मंडळींना बिचाऱ्यांना ठाऊकच नसते!

आज मी तुम्हाला ज्या सुवर्णमहोत्सवाची गोष्ट सांगणार आहे, तो एका दूरचित्रवाणी मालिकेचा आहे, आणि तोही विलायतेतल्या. मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. "विज्ञानकथा? अंतराळातली माणसं? छे बाई, ते मुलांचं काम!" असे म्हणून पान उलटू नका हं. मीही ती मुळात भाच्याच्या आग्रहाने पाहायला बसले. पण त्या सोहळ्यासाठी केलेला एक छोटा कार्यक्रम पाहिला आणि मनात आले, की हे आपल्या मैत्रिणींना सांगायलाच हवे. कारण त्यात अंतराळ नावापुरते आहे. बाकी सगळी गोष्ट आहे घर उभे करण्याची आणि वेळ आली की ते दुसऱ्याच्या हाती देऊन बाहेर पडण्याची.

ही मालिका आहे तरी काय?

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवारची संध्याकाळ. त्या दिवशी ब्रिटनच्या बी.बी.सी.वर या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. नायक परग्रहावरचा एक प्रवासी. त्याला सगळे नुसते 'डॉक्टर' म्हणतात. खरे नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून मालिकेचे नाव 'डॉक्टर कोण?'. हा गृहस्थ भूतकाळात जातो, भविष्यकाळात जातो, दुसऱ्या ग्रहांवर जातो. त्याचे वाहन म्हणजे एक निळी लाकडी पेटी. त्या काळी ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेला पोलिसांना फोन करण्यासाठी अशा पेट्या असत. बाहेरून पाहाल तर एक माणूस जेमतेम मावेल, आणि दार उघडून आत गेलात तर भलामोठा दिवाणखाना! तिचे नाव 'टार्डिस'.

मुहूर्त मात्र कसला निघाला बघा! आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. सारे जग त्या बातमीने हादरलेले. अशा वेळी नव्या मालिकेकडे कोण बघणार? शेवटी पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. अशी अडखळत सुरुवात झालेली ही मालिका मध्ये काही वर्षे बंद पडूनही पुन्हा उभी राहिली आणि २०१३ साली तिने पन्नाशी गाठली.

बी.बी.सी.ने हा सोहळा दणक्यात केला. २३ नोव्हेंबर २०१३ रोजी 'द डे ऑफ द डॉक्टर' हा खास भाग एकाच वेळी ९४ देशांत दाखवला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चित्रपटगृहांतही त्याचे खेळ झाले. पण त्याच्या दोनच दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर दीडेक तासाचा एक शांत चित्रपट दाखवला गेला : 'ॲन ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम'. लिहिला होता मार्क गॅटिस यांनी. त्यात परग्रह नाही की लढाई नाही. १९६३ साली ही मालिका सुरू कशी झाली, कुणी केली, आणि तिचा पहिला नायक तिच्यातून बाहेर कसा पडला, एवढीच त्याची कथा. मला विचाराल, तर खरा सुवर्णमहोत्सव साजरा केला तो या छोट्या चित्रपटाने. मोठ्या कार्यक्रमाने पाहुण्यांना जेवू घातले; याने ज्यांनी चूल मांडली त्यांना पहिल्या पंगतीला बसवले.

सत्तावीस वर्षांची निर्माती

या चित्रपटातली पहिली महत्त्वाची व्यक्ती म्हणजे व्हेरिटी लॅम्बर्ट. बी.बी.सी.च्या नाट्यविभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन नावाचे कॅनेडियन गृहस्थ. मुलांना आणि मोठ्यांना एकत्र बसून पाहता येईल अशी मालिका त्यांना हवी होती. तिच्यासाठी त्यांनी निर्माती म्हणून बोलावले ते या २७ वर्षांच्या मुलीला. त्या वेळी बी.बी.सी.च्या नाट्यनिर्मात्यांमध्ये ती सर्वांत लहान, आणि बाई म्हणाल तर एकटीच!

ही काही वशिल्याने आलेली मुलगी नव्हती. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात ती शिरली होती सेक्रेटरी म्हणून, टायपिंग आणि शॉर्टहँडच्या जोरावर. पुढे ती न्यूमन यांच्या हाताखाली निर्मिती-साहाय्यक झाली. १९५८ सालची एक घटना आहे. त्या काळी नाटके थेट प्रसारित होत. समोर घडते तेच त्याच क्षणी लोकांच्या घरात दिसते, पुसून पुन्हा लिहायची सोय नाही. अशा एका नाटकाच्या मध्येच एक नट कोसळला आणि गेला. दिग्दर्शक धावत खाली गेला, बाकीच्या नटांना सांभाळून कथा कशीबशी पुढे न्यायला. वर नियंत्रणकक्षात कॅमेऱ्यांना सूचना देण्याचे काम कुणी सांभाळले? याच व्हेरिटीने. विशीतल्या मुलीने! घरात पंचवीस पाने वाढलेली असताना आचारी आजारी पडावा आणि धाकट्या सुनेने पदर खोचून पंगत पार पाडावी, तसेच हे.

तरीही ती निर्माती म्हणून आली तेव्हा "ही कालची पोर काय करणार?" ही नजर होतीच. चित्रपटात ती फार छान दाखवली आहे. कुणी अपमान करत नाही, कुणी आरडाओरडा करत नाही. नुसते वाट पाहायला लावतात. सेट तयार करणारे वेळ देत नाहीत. स्टुडिओ म्हणून मिळतो तो लाइम ग्रोव्हमधला जुना, अडचणीचा आणि दिव्यांनी तापणारा. आपल्यापैकी जिने जिने कुठल्याशा कचेरीत, शाळेत, नाहीतर मोठ्या एकत्र कुटुंबात नवी म्हणून पाऊल टाकले आहे, तिला ही नजर वेगळी समजावून सांगायला नको.

लखनौचा मुलगा

पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन. वय अवघे २४! जन्म लखनौचा. आई अत्तिया हुसेन या इंग्रजीतल्या नामवंत लेखिका. तेव्हाच्या बी.बी.सी.त हा सावळा तरुणही व्हेरिटीसारखाच वेगळा पडलेला. एक बाई आणि एक भारतीय! दोघांनाही सिद्ध करून दाखवायचे होते, आणि चुकायची दोघांनाही मुभा नव्हती. याच वारिस हुसेन यांनी पुढे इंग्लंडमध्ये मोठे नाव मिळवले, आणि १९९७ साली मुंबईतल्या एका पारशी कुटुंबावरचा 'सिक्स्थ हॅपिनेस' हा चित्रपटही दिग्दर्शित केला.

या दोघांनी २७ सप्टेंबर १९६३ रोजी पहिला भाग चित्रित केला. तो फसला. टार्डिसची दारे नीट लागेनात, आणि डॉक्टर इतका खडूस वाटला की मुले घाबरून पळावीत. न्यूमन यांनी दोघांना बोलावून चांगले खडसावले. पण कामावरून काढले नाही. पुन्हा करा म्हणाले. १८ ऑक्टोबरला सगळा भाग नव्याने चित्रित झाला, आणि तोच पुढे जगाने पाहिला. वरिष्ठाने रागवावे ते असे, पुढची संधी हातात ठेवून. आम्ही शाळेत शिकवणाऱ्या बायकांनी हे टिपून ठेवण्यासारखे आहे.

घराच्या किल्लीचा आवाज

आता एक गंमत सांगते. या मालिकेत परग्रहावरच्या म्हणून ज्या गोष्टी गाजल्या, त्यांतल्या कितीतरी घरातल्याच आहेत! पैसे थोडे आणि वेळ त्याहून थोडा. अशा वेळी काय करायचे, हे गृहिणीला विचारा.

टार्डिस निघताना एक घरघर, धापा टाकल्यासारखा आवाज होतो. मालिका पाहणारे लहान मूलही तो ओळखते. तो तयार केला ब्रायन हॉजसन यांनी. कसा? एका मोडक्या पियानोच्या तारांवर किल्ली खरवडून. आणि ती किल्ली होती त्यांच्या आईच्या घराची!

तसेच 'डेलेक' नावाचे खलनायक. कवचात बसलेले हे दुष्ट जीव डिसेंबर १९६३ मध्ये पहिल्यांदा दिसले, आणि मालिकेचे नशीबच पालटले. मोरी तुंबली की आपण लांब दांड्याची रबरी वाटी दाबतो ना? डेलेकचा हात म्हणजे तीच! न्यूमन यांना असले राक्षस मुळीच नको होते. पण व्हेरिटी ठाम राहिली, आणि देशभरातली मुले घाबरून सोफ्यामागे लपून, पण न चुकता, मालिका पाहू लागली. न्यूमन यांनी मग मोकळेपणाने तिचे म्हणणे मान्य केले. या डेलेकचे रूप रेखाटले रेमंड क्युसिक यांनी. पुढे डेलेकची खेळणी खूप खपली. पण क्युसिक पगारी नोकर, त्यामुळे त्यांना रॉयल्टी मिळाली नाही.

आणि सगळ्यात मोठी हकीकत आहे ती शीर्षकसंगीताची. चाल रॉन ग्रेनर यांची. पण ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बीशायर या तरुणीने. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली. एका ध्वनिमुद्रिका कंपनीने तिला "आम्ही बायकांना मुद्रणकक्षात घेत नाही" असे सांगून परत पाठवले होते. पुढे ती बी.बी.सी.च्या ध्वनिप्रयोगशाळेत आली. तेव्हा सिंथेसायझर नव्हते. एका तारेचा टणत्कार, यंत्रातून निघणारे सूर, नुसता खरखराट, हे सगळे टेपवर घ्यायचे. मग प्रत्येक स्वराची टेप मोजून ब्लेडने कापायची आणि तुकड्याला तुकडा जोडायचा. गोधडी शिवण्याचेच काम म्हणा ना! ग्रेनर यांनी ते ऐकले तेव्हा ही आपलीच चाल का, असा त्यांना प्रश्न पडला. मानधनाचा निम्मा वाटा तिला मिळावा अशी त्यांची इच्छा होती. संस्थेच्या नियमांत ते बसले नाही. नावही पडद्यावर आले नाही.

डेलिया २००१ साली गेली. तिचे नाव या मालिकेच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा झळकले ते २०१३ मध्ये, सुवर्णमहोत्सवी भागात. पन्नास वर्षांनी! तिला ते दिसले नाही. उशिरा का होईना, न्याय झाला असे आपण म्हणतो. पण एका माणसाला आपले नाव वाचायला मिळू नये, याची रुखरुख काही जात नाही.

खडूस आजोबा

पहिला डॉक्टर झाले विल्यम हार्टनेल. सुरुवातीला वय ५५. चित्रपटांत आयुष्यभर दरडावणारे सार्जंट आणि गुंड रंगवलेले. स्वभावही तापट. मुलांच्या मालिकेतली आजोबांची भूमिका करावी की नाही, याबद्दल ते साशंक होते. व्हेरिटी आणि वारिस यांनी त्यांना राजी केले.

आणि काय चमत्कार झाला! हा कडक माणूस त्या भूमिकेत विरघळून गेला. मुले रस्त्यात त्यांना डॉक्टर म्हणून ओळखू लागली. टार्डिसच्या यंत्रावरचे कुठले बटण कशासाठी, हे त्यांनी ठरवून टाकले होते आणि ते चुकू देत नसत. मुलांच्या लक्षात येते, म्हणत. ज्याला आयुष्याच्या उतरणीवर मनासारखे काम मिळाले, त्याचे हे जीव लावणे आहे. चित्रपटात हार्टनेल झाले आहेत डेव्हिड ब्रॅडली, आणि व्हेरिटी झाली आहे जेसिका रेन. दोघांनी कामे इतकी जीव ओतून केली आहेत की आपण विलायतेतले काही पाहत आहोत हे विसरायला होते.

पण पुढे दुखणे आले. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. वाक्ये अडखळू लागली. त्याच सुमाराला बरोबरची माणसे एकेक करून निघाली. नातीचे काम करणारी नटी १९६४ च्या अखेरीस गेली, दोन शिक्षकांच्या भूमिका करणारे १९६५ मध्ये गेले, वारिस आधीच दुसऱ्या कामांकडे वळले होते. १९६५ मध्येच व्हेरिटीही नव्या कामाला गेली. जाणेच योग्य होते; तरुण होती, कर्तबगार होती. पण म्हातारा माणूस मागे एकटा राहिला. नवे निर्माते, नवे चेहरे, आणि जुन्या दिवसांच्या आठवणी सांगायला समोर कुणी नाही.

मला जायचं नाही

इथे मालिकेपुढे पेच पडला. नायक काम करू शकत नाही. मालिका तर लोकांना हवी आहे. मग त्यांनी एक युक्ती काढली. डॉक्टर परग्रहावरचा ना? मग तो थकला की त्याचा देह बदलेल. चेहरा नवा, स्वभावही थोडा वेगळा. पण माणूस तोच. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेल जमिनीवर पडले, आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. याच एका युक्तीने मालिका तरली. पुढे कितीतरी नट आले आणि गेले, मालिका चालूच राहिली.

बाहेरून पाहणाऱ्याला ही केवढी हुशारी वाटते! पण जो बदलला गेला त्याचे काय? चित्रपटाने नेमके तिथे बोट ठेवले आहे. हार्टनेल घरी येतात, पत्नीला सांगतात. आधी उसने अवसान आणतात, आणि मग तो तापट, दरडावणारा माणूस लहान मुलासारखा रडत म्हणतो, की मला जायचं नाही. मैत्रिणींनो, त्या प्रसंगी माझ्या डोळ्यांना पाणी आले. निवृत्तीच्या दिवशी हार आणि नारळ घेऊन घरी आलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने साडेआठलाच तयार होऊन बसलेला माणूस आपल्यापैकी कितीजणींनी पाहिला आहे!

मला आवडले ते हे, की चित्रपटाने यात कुणाला दुष्ट ठरवलेले नाही. निरोप सांगायला आलेल्या न्यूमन यांचाही जीव तुटतो आहे. नव्या माणसाचाही दोष नाही. घर चालायचे तर हात बदलावेच लागतात, हे खरे. आणि ज्याचे हात सुटतात त्याला दुखते, हेही तितकेच खरे. दोन्ही एकदम खरे असू शकते, हे आपण घरात किती वेळा विसरतो! सून म्हणते, "सासूबाई स्वयंपाकघर सोडतच नाहीत." सासू म्हणते, "मला आता कोण विचारतंय!" दोघीही खरेच बोलत असतात.

आमच्या सासूबाईंचे अनारसे आळीत प्रसिद्ध. गेली चार दिवाळ्या त्यांचा हात थरथरतो, तळणाजवळ उभे राहवत नाही. आता कढईपाशी मी असते. त्या खुर्ची टाकून बसतात आणि पीठ नुसते बोटाने दाबून सांगतात, "आज नको, उद्या कर." अनारसा जाळीदार होतो तो त्या एका वाक्याने. पाहुण्यांना ताटली देताना मी आवर्जून सांगते, "पीठ आईंनी पाहिलंय हं." एवढ्याने त्यांचा चेहरा जो फुलतो, तो मी कितीही चांगले तळून फुलला नसता.

पुसलेले आणि जपलेले

या मालिकेची आणखी एक गोष्ट जिवाला चटका लावते. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. त्यांतले नव्वदच्या आसपास भाग आज बी.बी.सी.कडे नाहीत. का? तर टेप महाग. एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसून त्याच टेपवर दुसरा घेत. पुन्हा दाखवण्यावर नटांच्या करारांची बंधने होती, आणि घरोघरी व्हिडिओ येतील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. हार्टनेल यांचा तो शेवटचा भागही असाच गेला. देह बदलतानाचे क्षण तेवढे वाचले, तेही मुलांच्या एका दुसऱ्या कार्यक्रमात त्यांचा तुकडा वापरला होता म्हणून!

मात्र या हरवलेल्या एकूणएक भागांचे आवाज शिल्लक आहेत. ते कुणी जपले? बी.बी.सी.ने नव्हे, घरच्या प्रेक्षकांनी. टी.व्ही.समोर टेपरेकॉर्डर धरून शाळकरी मुलांनी ते उतरवून घेतले होते. मागे घरातल्यांची कुजबुज नको म्हणून त्यांनी किती जणांना गप्प बसवले असेल, देव जाणे! परदेशांत विकलेल्या काही प्रतीही पुढे सापडल्या. २०१३ सालीच नायजेरियातून नऊ भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले. मोठ्या संस्थेने अडगळ म्हणून टाकलेले घराने जपावे, यात मला तरी नवल वाटत नाही. आजीचे ओव्यांचे वहीभर हस्ताक्षर कुठे सापडते? कपाटाच्या तळाशी, कुणा बाईने साडीच्या घडीत ठेवलेले.

१९८९ मध्ये मालिका बंद झाली. १९९६ मधला एक चित्रपट सोडला तर सोळा वर्षे पडदा कोराच होता. २००५ मध्ये ती पुन्हा सुरू केली ती रसेल टी. डेव्हिस यांनी. तेही लहानपणी ती पाहतच वाढलेले. पुढे डॉक्टर झालेले डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी हेही तिचे बालभक्त. सोफ्यामागे लपणारी मुलेच मोठी होऊन घर सांभाळायला आली म्हणायची!

मान वेळेवर द्यावा

या मालिकेने वाढदिवस मात्र नेहमी जुन्यांना बोलावून केले. दहाव्या वर्षी, १९७२-७३ मध्ये, तीन डॉक्टरांना एकत्र आणणारी कथा झाली. हार्टनेल तेव्हा फार आजारी होते. त्यांना उभे राहणे, पाठ करणे जमण्यासारखे नव्हते. मग त्यांना खुर्चीत बसवून, समोर वाक्ये लिहून धरून, त्यांचे प्रसंग घेतले आणि ते कथेत एका पडद्यावर दिसतील अशी योजना केली. तेच त्यांचे शेवटचे काम. १९७५ मध्ये ते गेले. विसाव्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांच्या भूमिकेत दुसरे नट उभे राहिले, पण कार्यक्रमाची सुरुवात झाली ती खुद्द हार्टनेल यांच्याच जुन्या दृश्याने. त्या वेळी चौथे डॉक्टर टॉम बेकर यांनी यायचे नाकारले होते. तेच २०१३ च्या भागात, वयाच्या ७९ व्या वर्षी, छोट्याशा प्रसंगासाठी आले. उंबरठा ओलांडायला तीस वर्षे लागली, पण दार लावलेले नव्हते!

न्यूमन यांनी १९८६ मध्ये बी.बी.सी.ला पत्र लिहून सुचवले होते, की आता डॉक्टर बाई होऊ द्या. ते घडले २०१७ मध्ये, जोडी व्हिटेकर यांच्या रूपाने. व्हेरिटी मात्र तोवर नव्हत्या. २२ नोव्हेंबर २००७ रोजी, मालिकेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या गेल्या. पुढच्या आयुष्यात त्यांनी थेम्स टेलिव्हिजनचा नाट्यविभाग सांभाळला, स्वतःची निर्मितीसंस्था काढली. पण त्यांच्यावरचा हा चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही.

चित्रपटाच्या शेवटी हार्टनेल टार्डिसच्या यंत्रापाशी शेवटचे उभे असतात. समोर पाहतात तो त्यांना भविष्यातला डॉक्टर दिसतो. २०१३ मध्ये तिथे मॅट स्मिथ होते. २०२३ मध्ये मालिकेला साठ वर्षे झाली तेव्हा तोच चित्रपट पुन्हा दाखवला, आणि त्या जागी नव्या डॉक्टरला, शुटी गटवा या रवांडात जन्मलेल्या तरुणाला, आणले. म्हातारा तोच, समोरचा चेहरा बदलला. आपल्यामागे घर चालू आहे, एवढेच त्या म्हाताऱ्याला दिसते, आणि तो शांत होतो.

आपल्या घरी काय करता येईल?

हे सगळे सांगण्याचा हेतू एवढाच, की पुढच्या खेपेला तुमच्या घरी एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन किंवा लग्नाचा सुवर्णमहोत्सव असेल, नाहीतर मंडळाचा वर्धापनदिन असेल, तर खर्च न वाढवता तीन गोष्टी करून बघा.

पहिली : पत्रिका छापण्याआधी सर्वांत जुन्या माणसाकडे जाऊन बसा आणि विचारा, "सुरुवातीला कोण कोण होतं?" ती नावे कागदावर उतरवा आणि कार्यक्रमात पाहुण्यांच्या आधी वाचा. भांडी घासणारी, सतरंज्या आणणारी, हिशेब लिहिणारी, सगळी.

दुसरी : जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. शाईने नको, ती पुढे उमटते. आणि मोबाइल हाताशी आहेच, तर घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज पंधरा-वीस मिनिटे तरी उतरवून घ्या. गाणे, ओवी, एखादी पाककृती, काहीही. चेहऱ्याचे फोटो खूप असतात. आवाज मात्र कुणाकडेच नसतो.

तिसरी, आणि सर्वांत अवघड : ज्याच्याकडून जबाबदारी काढून घ्यायची आहे, त्याला एक छोटे काम कायमचे ठेवा. पीठ पाहण्याचे, दिवा लावण्याचे, पहिली पावती फाडण्याचे. सगळ्या किल्ल्या मागून घ्या, पण एक त्यांच्या कमरेला राहू द्या.

आणि हो, मान द्यायचा तो माणूस समोर असताना द्या. डेलियाचे नाव पन्नास वर्षांनी पडद्यावर आले, छानच झाले. पण आपल्याकडची नावे आपल्याला या रविवारीसुद्धा घेता येतील. फोन उचला, आणि ज्या कुणी तुम्हाला पहिल्यांदा पोळी लाटायला, फळ्यावर लिहायला, नाहीतर चारचौघांत उभे राहून बोलायला शिकवले, त्यांना तसे सांगून टाका. बघा, पटतंय का!